फांद्यांतले मासे

अंगकोरच्या बायोन देवळात, दक्षिण ओवरीत भिंतीवर झाडं कोरली आहेत आणि त्या झाडांत मासे आहेत. एरवी शिल्पकार जिथे पोपट बसवेल किंवा माकड, तिथे खोडाखोडांमधून, पानांना घासून मासे निघाले आहेत. शेजारून नावा चालल्या आहेत आणि नावेतल्या कुणालाही त्याचं नवल वाटलेलं दिसत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, ही शिल्पकाराची लहर. दगड रिकामा राहिला म्हणून मासे भरले, किंवा आपल्याला ठाऊक नसलेली एखादी पुराणकथा असेल. ज्याने कंबोडियातला तोन्ले साप तलाव पावसाळा सरताना पाहिला आहे, तो मात्र इथे कल्पनाशक्तीला श्रेय देणार नाही. त्या तलावात मासे खरोखरच झाडांत राहतात.

अंगकोरशेजारच्या सिएम रीपला जाणाऱ्या आपल्याकडच्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत मंदिरं आणि ‘तरंगतं गाव’ हे दोन वेगळे विषय असतात. मंदिरांना मान, गावाला उरलेली दुपार. माझं म्हणणं एवढंच की हे एकाच शिल्पाचे दोन तुकडे आहेत. एक वाचल्याशिवाय दुसरा लागत नाही.

आधी पाण्याचं गणित. तोन्ले साप हा आग्नेय आशियातला गोड्या पाण्याचा सर्वांत मोठा तलाव. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याचा पसारा सुमारे २,५०० चौरस किलोमीटर उरतो आणि बऱ्याच ठिकाणी माणूस उभा राहिला तर पाणी कमरेशी येतं. तलावातून निघणारी नदी, तिचंही नाव तोन्ले सापच, नोम पेन्हजवळ मेकाँगला मिळते. जून-जुलैत मेकाँग इतकी फुगते की ही नदी थांबते आणि उलटी वाहू लागते. महिनोन्‌महिने पाणी तलावात चढत राहतं. पसारा १५,००० चौरस किलोमीटरच्या आसपास जातो, खोली आठ-नऊ मीटर होते आणि काठचं जंगल शेंड्यापर्यंत बुडतं. मासे त्या जंगलात शिरतात. फळं, पानं, किडे खातात, त्यांची पिल्लं मुळांच्या आडोशाला वाढतात. पावसाळा संपला की नदी पुन्हा सुलट होते. त्या सुमारास, साधारण नोव्हेंबरात, नोम पेन्ह या राजधानीत बोन ओम तूक हा नावांच्या शर्यतींचा सण असतो. नदीने कूस बदलल्याचा उत्सव करणारा दुसरा देश मला माहीत नाही.

आता पुन्हा भिंतीकडे. बायोन हे सातव्या जयवर्म्याचं देऊळ. हा राजा ११८१ मध्ये गादीवर आला. तो बौद्ध होता. देवळाच्या शिखरांवरचे ते मोठे शांत चेहरे जगभरच्या भित्तिपत्रकांवर गेले आहेत, आणि त्यांच्यापायी एक नुकसान झालं आहे. आत शिरलेला प्रत्येक माणूस मान वर करून चालतो, चेहऱ्याच्या नाकाला नाक लावल्यासारखा फोटो काढून घेतो आणि खालच्या ओवरीतून सरसर निघून जातो. बायोनचं खरं काम खाली आहे. पूर्वेकडून आत जाऊन भिंत उजव्या हाताला ठेवून, म्हणजे प्रदक्षिणेच्या दिशेने चालायचं. कोपरा वळून दक्षिणेच्या भिंतीवर आलो की लढाई सुरू होते.

लढाई पाण्यावरची आहे. एका बाजूला जयवर्म्याचे ख्मेर सैनिक, केस बारीक कापलेले, डोकी उघडी. दुसऱ्या बाजूला चाम, आजच्या मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावरच्या चंपा राज्याचे. त्यांच्या डोक्यावर उलट्या ठेवलेल्या फुलासारखी शिरस्त्राणं आहेत, त्यामुळे गर्दीतही कोण कुणाचा हे लांबून कळतं. चाम सैन्याने ११७७ मध्ये पाण्यावाटे येऊन ख्मेरांची राजधानी अंगकोर लुटली आणि जयवर्म्याने त्याचा सूड घेतला, असं बहुतेक पुस्तकं सांगतात. अलीकडच्या काही इतिहासकारांना ही कथा इतक्या सरळपणे मान्य नाही. शिल्पाच्या आस्वादाला त्याने फारसं बिघडत नाही. लांबच लांब नावा, नाळेवर कोरीव तोंडं, वर भाले आणि ढाली, त्यांच्या खाली वल्हेकऱ्यांच्या डोक्यांची रांग, आणि तिच्याही खाली वल्ह्यांची तिरकी ओळ. वर सैनिक आवेशात आहेत, खाली वल्हेकरी एका लयीत. शिल्पकाराने आवेशाला वेडावाकडा नाच दिला आणि श्रमाला ताल दिला. या एका निवडीवरून त्याच्या सहानुभूतीचा अंदाज येतो.

नाव पाण्यात आहे हे त्याने कसं सांगितलं? इथे पाण्याच्या पृष्ठभागाला वेगळी जागा नाही. नावेच्या तळाखालून मासे सुरू होतात, म्हणून तिथून पाणी सुरू होतं असं आपण मानतो. मासे, कासवं, मगरी. नावेतून पडलेल्या माणसाला मगरीने धरलं आहे. पाणी म्हणजे त्यात जे राहतं आणि त्यात पडलेल्याचं जे होतं ते, अशी ही व्याख्या आहे. तलावाकाठी वाढलेल्या माणसाचीच ही नजर. दरबारात वाढलेल्या कारागिराने लाटांची नक्षी काढली असती. आणि म्हणूनच झाडांतले मासे मला या संपूर्ण भिंतीचं मर्म वाटतात. पाण्याची पातळी शिल्पकाराने एकाही रेघेने दाखवली नाही. झाड दाखवलं, झाडात मासा दाखवला. पाहणाऱ्याने हिशेब करावा, महिना कोणता आणि पाणी किती चढलंय.

लढाईच्या खाली आणखी एक पट्टा आहे आणि तो लढाईकडे ढुंकूनही पाहत नाही. तिथे बाजार आहे. बायका माल विकताहेत, कुणी तराजू धरला आहे, कुणी पाग टाकतो आहे. कोंबड्यांची झुंज लागली आहे आणि दोन्हीकडच्या पैजकऱ्यांचे हात हवेत आहेत. दोघं पटावर सोंगट्या मांडून बसलेत. एक बाई दुसरीच्या डोक्यातल्या उवा काढते आहे. एक बाळंत होते आहे. एका भल्यामोठ्या भांड्यात अख्खं डुक्कर उतरवण्याची खटपट चालली आहे. राजाच्या विजयाची भिंत, आणि तिच्या पायथ्याशी हे सगळं, तेवढ्याच प्रेमाने, तेवढ्याच खोल कोरलेलं.

मला इथे बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ आठवतात. तेही साधारण त्याच शतकातले, त्यांच्यावरही नौकायुद्ध आहे, वल्ह्यांच्या ओळी आहेत. बहुधा शिलाहार आणि यादव यांच्यातला संघर्ष. पण वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाला लढाई, वर वीराचा मृत्यू, मग अप्सरा, मग शिवपूजन आणि कळस. डोळा वर चढतो आणि स्वर्गात पोचून थांबतो. बायोनच्या भिंतीवर डोळा उलट्या दिशेने जातो. भाल्यांवरून वल्ह्यांवर, वल्ह्यांवरून माशांवर आणि तिथून मासळी विकणाऱ्या बाईवर उतरतो. वीरगळ ज्याच्यासाठी उभा केला त्याचं कुटुंब समोर होतं, त्यामुळे त्याला वरच जायला हवं होतं. बायोनच्या कारागिराला अशी सक्ती नव्हती, किंवा असली तरी ती त्याने वरच्या शिखरांवर पार पाडली आणि खाली आपला हात मोकळा सोडला.

हात मोकळा, पण खडबडीत. हे मान्य करायला हवं. बायोनचं कोरीवकाम घाईचं आहे, काही ठिकाणी अर्धवट सोडलेलं आहे. माणसांचे चेहरे एकसारखे, पाय आखूड. ज्याला नजाकत हवी त्याने अंगकोर वाटला जावं. ते दुसऱ्या सूर्यवर्म्याचं, बायोनच्या काही दशकं आधीचं विष्णुमंदिर, पश्चिमेकडे तोंड केलेलं. तिथले शिल्पपट अप्रदक्षिण दिशेने वाचायचे असतात, त्यामुळे आपल्या पायांना सुरुवातीला अडखळल्यासारखं होतं. पूर्वेच्या ओवरीच्या दक्षिण भागात समुद्रमंथन आहे. जवळजवळ ५० मीटर लांबीची एकसंध भिंत, ९२ असुर, ८८ देव, आणि मधोमध विष्णू. कूर्मावर टेकलेला मंदार, वासुकीचं तोंड असुरांच्या हाती, शेपटीकडे एक मोठा वानर.

आपण हे मंथन लहानपणापासून ऐकलेलं असतं आणि आपल्याला त्यातली रत्नं हवी असतात. कामधेनू कुठे, हलाहल कुठे, धन्वंतरी कुठे, असं शोधत मराठी माणूस भिंतीपुढून फिरतो. या शिल्पकाराला रत्नांची यादी करायची नव्हती. त्याला ओढ दाखवायची होती. एकच आकृती, तोच गुडघा वाकलेला, तेच हात सापाच्या अंगाला चिकटलेले, पुन्हा, पुन्हा, पन्नास मीटरभर. आईने ताक करताना रवीची दोरी ज्या लयीने मागेपुढे होते तीच लय, फक्त दोरी धरणारे हात शेकडो. दहा आकृत्यांनंतर कंटाळा येतो, तीस आकृत्यांनंतर कंटाळ्याचं गुंगीत रूपांतर होतं आणि मग मध्य येतो. ही युक्ती फार मोठ्या कलावंताची आहे. आधी पाहणाऱ्याच्या अंगात लय भरायची आणि मग तिचा परिणाम दाखवायचा. परिणाम खाली आहे. क्षीरसागरात मासे आणि मगरी पोहताहेत. कडांना ते धडधाकट आहेत, जसजसे मंदाराच्या जवळ येतात तसतशी त्यांची दाटी आणि तारांबळ वाढते, आणि अगदी आसाजवळ त्यांचे तुकडे झालेले आहेत. घुसळणीच्या वेगाने कापले गेलेले मासे. पुराण अमृताबद्दल बोलतं. या दगडावर अमृताच्या आधी माशांचं काय झालं ते आहे.

क्षीरसागर कुणी पाहिलेला नाही. त्या कारागिराने पाहिलेलं एकच मोठं पाणी असावं, आणि ते मंदिरापासून बैलगाडीने दिवसभरात गाठता येण्याजोगं होतं. त्यातलेच मासे त्याने विष्णूच्या पायाखाली सोडले. मत्स्यतज्ज्ञांनी अंगकोर वाट आणि बायोनवरचे काही मासे जातीनिशी ओळखले आहेत, आणि ते गोड्या पाण्यातले आहेत.

या सगळ्याला एक साक्षीदार आहे. चौ दागुआन हा चिनी अधिकारी युआन दरबाराच्या शिष्टमंडळाबरोबर १२९६ मध्ये अंगकोरला आला आणि पुढच्या वर्षी परतला. त्याने लिहून ठेवलेलं छोटं पुस्तक नसतं तर अंगकोरच्या दैनंदिन आयुष्याबद्दल आपल्याकडे फार थोडं उरलं असतं. तो सोन्याच्या शिखरांनी दिपला, पण त्याची नजर बाजारी होती, आणि ते आपलं भाग्य. व्यापार बायका करतात हे त्याने नोंदवलं. पावसाळ्यात तलाव इतका चढतो की मोठाल्या झाडांचे फक्त शेंडे दिसतात आणि काठची माणसं उंचावर निघून जातात, हेही नोंदवलं. पाण्याबरोबर उंच होत जाणारं भात त्याने पाहिलं. नावेएवढ्या मगरींबद्दल लिहिलं. बायोनची दक्षिण भिंत आणि चौ दागुआनची पानं शेजारी ठेवली तर दोन अनोळखी माणसांनी एकाच गावाबद्दल दिलेल्या जबान्या जुळाव्यात तसं वाटतं.

त्याने घरांबद्दलही लिहिलं आहे. सामान्यांनी छप्पर गवताचंच करायचं, कौलं घालायची नाहीत. अंगकोरमध्ये दगड देवासाठी होता. माणसं, अगदी राजासुद्धा, लाकडाच्या घरात राहत. म्हणून आज देवळं आहेत आणि शहर नाही. लाखो माणसांच्या वस्तीतलं एक घर उरलेलं नाही. जी घरं उरली ती बायोनच्या त्या खालच्या पट्ट्यात कोरलेली, खांबांवर उभी, उतरत्या छपराची.

आणि तशीच तलावाकाठी. सिएम रीपच्या दक्षिणेला नोम क्रोम नावाची टेकडी आहे. तिच्यावर नवव्या-दहाव्या शतकाच्या सांध्यावरची, यशोवर्म्याच्या काळातली तीन देवळं ओळीने उभी आहेत, ब्रह्मा, शिव आणि विष्णू यांची. तलावावरून येणाऱ्या वाऱ्याने दगड असा खाल्ला आहे की मूर्तींचे चेहरे पुसून गेलेत. शिल्प म्हणून तिथे आता फारसं काही नाही. पण टेकडीच्या खाली चोंग क्नेआस हे तरंगतं गाव आहे आणि पलीकडे क्षितिजापर्यंत पाणी.

‘तरंगतं गाव’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. चोंग क्नेआस किंवा प्रेक तोआल इथली घरं खरोखर तरंगतात, बांबूच्या मोळ्यांवर किंवा पिंपांवर. पाणी चढलं-उतरलं की घरं दोर सोडून ओढून नेली जातात आणि सगळं गावच सरकतं. किराणा, शाळा, डुकरांचे पिंजरे, मगरींचे पिंजरे, कुंड्यांतली मिरची, सगळं त्याच्याबरोबर. कोंपोंग फ्लुक आणि कोंपोंग ख्लेआंग इथली घरं मात्र तरंगत नाहीत. ती आठ-आठ, दहा-दहा मीटर उंच खांबांवर उभी असतात आणि पाण्याची वाट पाहतात. एका गावाने पाण्याबरोबर चालायचं ठरवलं, दुसऱ्याने जागा न सोडता उंच व्हायचं. मला दुसरं जास्त आवडतं. उन्हाळ्यात कोंपोंग ख्लेआंगच्या रस्त्याने चालताना घरं तिमजली इमारतीएवढ्या उंचीवर असतात. खाली धूळ, सायकली, सुकत घातलेली जाळी, बैल. जिना इतका उभा की म्हातारीने दिवसातून किती वेळा उतरावं याचा हिशेब घरात होत असणार. खांबांवर गेल्या पुराची रेघ दिसते, आपल्या डोक्याच्या कितीतरी वर. तिच्याखाली आपण उभे असतो आणि ऑक्टोबरात त्याच जागी नाव बांधलेली असते. कारागिराने भिंतीवर जी पातळी दाखवली नाही ती इथे लाकडावर उमटलेली आहे.

या गावांना ‘जिवंत अंगकोर’ म्हणायचा मोह होतो, तो आवरावा. छपरं पत्र्याची आहेत, पिंपं प्लास्टिकची, नावांना लांब दांड्याची इंजिनं. तरंगत्या घरांतले बरेच लोक वंशाने व्हिएतनामी आहेत. कित्येकांकडे नागरिकत्वाचे कागद नाहीत आणि जमीन घेता येत नाही म्हणूनच ते पाण्यावर आहेत. प्रवाशाला रम्य वाटणारी ती डुलती ओसरी त्यांच्यापैकी अनेकांनी हौसेने निवडलेली नाही. काही ठिकाणी धक्क्यावर तिकीट, वाटेत वह्या-पेन्सिली विकत घेऊन शाळेला द्यायचा आग्रह, गळ्यात साप घेतलेलं पोर, असा सगळा बाजार मांडलेला असतो. तिथे रसग्रहण संपतं आणि चोरट्यासारखं वाटू लागतं. अशा ठिकाणी कॅमेरा पिशवीत ठेवणं बरं.

पण त्याच तलावावर एक गोष्ट अशी आहे की जी बायोन पाहून आलेल्यालाच भिडेल. काठच्या मच्छीमारांत चाम आहेत. चंपाचं राज्य कालांतराने मोडलं, तिथले लोक पश्चिमेकडे सरकत कंबोडियात आले, मुसलमान झाले. आज मशिदीच्या आसपासच्या वस्तीतून ते पहाटे जाळी घेऊन निघतात, ख्मेर शेजाऱ्यांच्या बरोबरीने. ख्मेर रूजच्या राजवटीत, १९७५ ते १९७९ या काळात, त्यांच्यावर झालेले अत्याचार आता न्यायालयात वंशसंहार म्हणून सिद्ध झाले आहेत. ते त्यातून उरले आणि पाण्यावर परतले. भिंतीवर फुलाच्या शिरस्त्राणांखाली मगरीच्या तोंडी जाणारी माणसं ती यांचीच.

एक शेवटचं निरीक्षण, प्रमाणाबद्दल. बायोनवरचे मासे कधी कधी माणसाएवढे आहेत. जाणकार याला शैली म्हणतील, महत्त्वाचं ते मोठं काढायची जुनी रीत. अंशतः खरं आहे. पण मेकाँगचा महाकाय शिंगाळा तीन मीटरपर्यंत वाढतो, आणि थायलंडमध्ये २००५ साली पकडलेल्या एकाचं वजन २९३ किलो भरलं होतं. कंबोडियाचा राष्ट्रीय मासा असलेला महाकाय बार्बही माणसापेक्षा लांब होऊ शकतो. कारागीर तितकासा अतिशयोक्ती करत नव्हता. असे मासे आता अत्यंत दुर्मीळ झालेत. तलावातून निघणारी मासळी अजूनही भरपूर आहे, पण ती लहान होत गेली आहे. मोठ्या जाती घटल्या, बोटाएवढ्या राहिल्या. फ्रेंचांच्या काळापासून चालत आलेली तलावाच्या ठेकेदारीची पद्धत २०१२ मध्ये रद्द झाली, तरी मासा मोठा झाला नाही. वरच्या अंगाला मेकाँगवर आणि उपनद्यांवर धरणं आहेत, पाऊस लहरी झाला आहे, आणि २०१९ व २०२० या दोन्ही वर्षी नदी उशिराने उलटली. बुडणारं जंगल पुरेसं बुडालं नाही.

त्या लहान मासळीचं प्रहोक होतं. मासे तुडवून, मीठ घालून मुरवायचे. पहिल्या दिवशी वासाने पाहुणा पळेल, आणि तरी ख्मेर स्वयंपाकातला जवळजवळ प्रत्येक रस्सा त्यावर उभा असतो. जानेवारीच्या सुमारास भाताच्या गावांतली कुटुंबं नदीकाठी येऊन मुक्काम करतात आणि वर्षभराचं प्रहोक भरून नेतात. पूर्वी पैशांऐवजी तांदूळ देऊन. बायोनच्या खालच्या पट्ट्यातल्या तराजूवाल्या बाईशी व्यवहार करायला लागावं तेवढंच त्यांच्याकडे असायचं. पाणी कमी आलं त्या वर्षांत त्यांना मासा महाग मिळाला आणि काहींच्या गाड्या अर्ध्याच भरल्या.